निखिलची झोप

रायस्वाइक, रविवार, संध्याकाळ

लात्व्हियाच्या खेड्यांतल्या सहलीहून परत आलो आणि निखिलची झोप पुन्हा उडाली. ऑफिसच्या ताणाने आजारी पडल्यापासून नवरा माझा नीट झोपलाच नव्हता. तिथे कुंभाराकडे, विणकरांकडे नुसता बसून राहिला. मग चीज करणाऱ्या बाईंकडे दिवसभर शेळ्यांचं दूध काढलं आणि गवतावरच घोरायला लागला. चक्क घोरत होता! मला रडूच आलं.

आज चहा दिला तर म्हणाला, "मला तिथे सोडून ये."

"आणि मी? आपली सई?"

"तुम्ही दोघी इथे बऱ्या आहात."

बऱ्या कशा? त्याच्या नोकरीवरच तर आमचा या देशातला व्हिसा आहे. पण ते घोरणं... काय करू मी?

शेवटी त्याचं एकट्याचं लात्व्हियाचं तिकीट काढलं. त्याला सांगायचा धीर होत नाहीये; सांगितलं की तो खरंच जाईल.