पुदिन्यासमोर गप्प बसताना

प्रिय आई,

तुझ्या बडबडीचा नमस्कार.

“तू गेलीस, बोलणारं कुणी नाही, म्हणून तुझ्या खोलीतला पुदिना वाळतोय,” असं तू लिहिलंस. मग म्हटलं, प्रयोगच करून बघू.

एकाच रोपाच्या तीन काड्या घेतल्या. सारखे पेले, सारखं पाणी. एक माझ्या खिडकीत ठेवली, तिच्याशी रोज गप्पा. दुसरी स्वयंपाकघराच्या खिडकीत, तेवढ्याच उजेडात, पण तिच्यासमोर ब्रसुद्धा काढायचा नाही. तिसरीशीही अबोला, आणि ती अंधाऱ्या कपाटात. माझी रूममेट नर्स आहे; स्वयंपाकघरात मी बोलेना म्हणून तिला वाटलं, मी रुसले. बिचारीने माझीही भांडी घासली. मी लगेच खुलासा केला नाही!

खिडकीतल्या दोघी सारख्याच टवटवीत. कपाटातली पिवळी पडली. योगायोग नको म्हणून पुन्हा करून पाहिलं, तरी तेच. पुदिन्याला माझ्या बोलण्याचं काही पडलेलं नाही गं, त्याला उजेड हवाय.

आई, खरं सांग, मी निघाल्यापासून माझ्या खोलीची खिडकी बंदच आहे ना? पाणी घालून लगेच बाहेर येतेस, की आत घटकाभर बसतेस तरी?

मी वेळेवर जेवते. बाबांचा खोकला कसा आहे? काडीशी बोलून मला मात्र बरं वाटलं. पण ते सिद्ध करायला माझ्यासारखीच एक गप्प मुलगी लागेल, ती कुठून आणू?

आज ती खिडकी उघड आणि तिथेच उत्तर लिहायला बस. पुदिन्याशी नाही बोललीस तरी चालेल, माझ्याशी बोल.

तुझीच,
बडबडी