नळाखाली धुतलेला पेरू

वारजे, पुणे, ३ नोव्हेंबर

प्रिय मिलिंद, सप्रेम जयभीम.

काल, २ नोव्हेंबरला दुपारी चार वाजता, आमच्या निकिता सूनबाईंनी माझ्या हातातल्या पेरूच्या फोडी कचऱ्यात टाकल्या. का, तर मी त्या नळाखाली धुतल्या!

केमोमुळे तुझ्या भाऊजींना कच्चं फळ वर्ज्य आहे. म्हणून डॉक्टरांना विचारून निकिताने किरणांनी जंतू मारलेल्या फोडींचा सीलबंद डबा आणला होता. "आई, पाण्यातून जंतू परत येतील ना!" म्हणे. जन्मभर फळं धुतली, ती चूक?

तू फिजिक्स शिकवायचास. किरण जंतू मारतात, मग पेरू कुरकुरीत कसा राहतो? मी एक फोड चाखली, अगदी पेरूच होता.

सुजातावहिनीचा गुडघा कसा आहे?

महिन्याभरात ह्यांनी स्वतःहून मागितला तो हा पेरूच. मला न घाबरता भरवायचंय. नवा डबा सोळाला येईल; पंधरा तारखेच्या आत लेखी उत्तर पाठव. फोनवर तू नुसता हसतोस.

तुझी सत्यशीलाताई