नलूचा भरीव गोळा

२ फेब्रुवारी
नलूचा गोळा आज पुरा झाला. माती कन्हान नदीची, कलिंगडाएवढा, आतून भरीव. माझ्या या धाकटीने जन्मभर माती-दगडाचे गोळे, शंकू, ठोकळेच केले. हा शेवटचा, असं तीच म्हणते. डोळे गेले, त्यामुळे सगळा हातांनी चाचपत. वर बोटांचे ठसे.
"भाजायचा नाही, ताई. वाळला की अंगणात ठेव. मी पाणी घालीन. विरघळताना हात लावून बघायचाय."
हो म्हटलं.

९ फेब्रु.
डॉ. म्हणाले, आता घरीच राहू द्या.
लहानपणी आम्ही दोघी कॉन्व्हेंट शाळेच्या मागे चिखलाचे लाडू करायचो. सिस्टरांनी हात पुढे करायला लावले. नलूने मूठ उघडली नाही. छडी खाल्ली, लाडू मोडू दिला नाही. आणि आता म्हणते, विरघळू दे. मग माझ्याकडे काय राहील?

१९ फेब्रु.
न. औषधाच्या गुंगीत. गोळा ऑटोत घालून शामराव कुंभाराकडे नेला.
"बाई, हा भरीव हाये. भट्टीत फुटते."
"सावकाश भाजा."
"सावकाशीनं काय होते? आतली वाफ जाईन कुठं? नलूबाईले विचारलं काय?"
"विचारलं."
इतकं सरळ खोटं कधी बोलले नव्हते.

२२ फेब्रु.
फुटला. शामराव पोत्यात तुकडे घेऊन दाराशी. "म्या म्हटलं होतं तुमाले." पैसे घेतले नाहीत. एका तुकड्यावर तिचा अंगठा पूर्ण उमटलाय. तेवढा रुमालात बांधला.
आतून न. : "कोण आलं वं?"
"भाजीवाला."
"आणि तू भांडली नाहीस? ताई, तब्येत बरी आहे ना तुझी?"
हसली. मग खोकला, बराच वेळ.

२६ फेब्रु.
तिची उरलेली माती भिजवून तसाच दुसरा गोळा करतेय. तिसऱ्यांदा मोडला. माझा एका बाजूला बसतोच. तिचा कुठूनही फिरवा, गोलच.
तिचं जेवण बंद. चमच्याने पाणी.
"वाळला का?"
"आतून ओला आहे अजून."
"असू दे. मला थांबायला जमेलसं वाटत नाही."

२८ फेब्रु.
उद्या सकाळी अंगणात खुर्ची हवीय तिला. गोळा मांडीवर, शेजारी पाण्याचा तांब्या.
माझा गोळा फडक्याखाली झाकलाय. रुमालही तिथेच. खरं सांगायचं की नुसता हा गोळा हातात द्यायचा?
मघाशी उशी सारताना माझं मनगट धरलं. "नखात माती आहे तुझ्या," म्हणाली. हात सोडला नाही.