मायनं पुजलेला गज

अश्विन शु. ६, मंगळवार. इंझोरी
आत्ताच मानोऱ्याहून आलो, सायकलले सारंगीचे दोन गज बांधून! माह्ये उस्ताद खाँसाहेब, त्यांचं मनगट सुजलं. कोजागिरीले मानोऱ्यात गाण्यासंग सारंगी म्या वाजवाची. म्या! माह्या जुन्या गजाचे केस अर्धे तुटले, म्हणून त्यांनं हे दोन देल्ले. म्हणाले, "एक ठेव, एक वापस आन. कोनता, ते मले इचारू नको." लय हरीक झाला. जेवण गेलं नाही.

शु. ७, बुध.
गोठ्यातच बसलो. मायचा हुकूम, सारंगी घरात नाही. म्हणते, ते नाचणारणींच्या कोठीवरचं वाजप, कामाच्या माणसाले कायले पायजे. बैलं बिचारी ऐकतात.
ह. म्हणजे हलका, शिसमाचा, पितळी टोपीचा. तान अशी पळते की बोटंच मागं राह्यतात. ज. जड, काळा, कुऱ्हाडीच्या दांड्यावानी. हात भरून आला.
ह. ठरला.

शु. ८, गुरु.
नाही ठरला. सकाळी ज.वर एकच सा धरला. संपेचना! खालची तार छातीत घुमत होती. डोळ्यात पाणी आलं, खोटं कायले लिहू. ह. असा सूर धरतच नाही.
ज. ज. ज.

शु. ९, शुक्र. खंडेनवमी
काय करू आता!
वावरातून आलो त देवापुढं इळा, कुऱ्हाड, वखराची पास, अन् मधात माहा ज. हळद-कुंकू, झेंडूचं फूल. दरसाल औजारांले तेल चोपडते, तसं मायनं गजाले बी चोपडलं. लाकडाले अन् केसांले बी. तारेवर ठेवला त नुसता घसरते. आवाजच नाही.
ओरडणारच होतो. मंग ध्यानात आलं, कोण कोणाची पूजा करून राह्यलं. इचारलं, दुसरा काहून नाही घेतला?
"तो खेळन्यावानी दिसला. हा औजार वाटला. तुह्यं औजारच हाय ना ते?"
पाया पडलो.

शु. ११, रवि.
मानोरा. खाँसाहेब हसून हसून खोकले. मंग रिठ्याच्या पाण्यानं केस धू म्हणाले, सावलीत वाळव, राळ घास. तार पकडली त पकडली. नाही त ह. आहेच. तेलानं गज बिघडला हे मायले सांगू का, म्या इचारलं.
"खबरदार."

शु. १४, बुध.
दोनदा धुतला. खालची तार बोलली! वरची घसरते. परत रिठे भिजवले. माय म्हणे, त्याले काय रोज आंघोळ घालतो?

शु. १५, गुरु. कोजागिरी, दुपार
वरची तार कधी धरते, कधी सोडते. गाण्यात सोडली त साऱ्या मानोऱ्यापुढं फजिती, अन् खाँसाहेबांची बी. ह. लख्ख वाजते. शहाणा माणूस ह. नेईल. मन मानत नाही.
सारंगी आज घरात आणून खोळीत भरली. माय लुगडं बदलून आली अन् म्हणे, मी बी येतो ऐकाले. पहिल्यांदा!
कोनता वाजवशीन, इचारलं तिनं. तिथं गेल्यावर पाहू म्हटलं.
बैलं जुपली. माय आधीच गाडीत जाऊन बसली, दोन्ही गज मांडीवर घेऊन. पुजलेला वर ठेवला आहे.