पूल बंद, भिवा पल्याड

४ नोव्हें.
नदीवरच्या झुलत्या पुलाच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले. फळ्या कुजल्या म्हणे. म्हणजे पुलावर मधोमध बसून भिवाबरोबर तंबाखू मळणं संपलं. तो दौंडकडच्या काठाला, मी शिरूरकडच्या. त्याची मेंढरं खतासाठी माझ्या रानात बसायची तेव्हापासूनची दोस्ती. आता मेंढरं नाहीत, दोघंही रिकामे. रस्त्यानं जायचं तर केवढा वळसा! जाऊ एखाद दिवस.

१२ नोव्हें.
नवी युक्ती, भिवाचीच. संध्याकाळी आपापल्या काठावर बसायचं, हात हालवायचा, मग फोन. "दिसतोस की रं लख्ख!" बिबट्याच्या भीतीनं काठावरून लवकर उठलो. पण बरं वाटलं.

१९ डिसें.
कांदा लागण. वळसा राहिलाच. थोरला पोरगा म्हणतो, "आप्पा, गाडीवर सोडतो की." पाठ दुखते म्हणालो. खरं तर कंटाळा.

६ जाने.
थंडी फार. थोरल्याचं लालभडक स्वेटर घालून बसलो. भिवा फोनवर: "दिसलास. पांढऱ्या सदऱ्यात बगळ्यावानी बसलाईस." हसलो. घरी येईपर्यंत हसू गेलं.

७ जाने.
भिवाच्या सुनेला फोन. "आप्पा, मामांना आता नुसता उजेड कळतो. मोतीबिंदू. तुमाला सांगू नका म्हनले. आपरेशनला चला म्हटलं, तर म्हंत्यात, आप्पा संगं आला तरच जाईन."
माझी मलाच लाज वाटली.

८ जाने.
थोरल्याच्या गाडीवर गेलो. वळसा एवढा काही नाही.
भिवा त्याच्या दगडावर पाठमोरा. माझ्या रिकाम्या काठाकडं हात हालवत होता. मागून खांद्यावर हात ठेवला. त्यानं बोटं चाचपली.
"आप्पा? पूल चालू झाला व्हय?"
रस्त्यानं आलो म्हणालो असतो, तर मग इतके दिवस का नाही आलास, हे आलंच असतं. "व्हय," म्हणालो.
लेकरासारखा हरखला. "मग उद्या मधी बसू. तू नगं येऊस न्यायला, वाट पाठ हाय मला. आपरेशनचं तिथंच ठरवू."
"बरं," म्हणालो. निघताना सुनेला सांगितलं, त्याला एकटं सोडू नको. थोरल्याला म्हणालो, उद्या लवकर गाडी काढ. भिवा पत्र्यापाशी पोचायच्या आत मला त्याच्या काठावर असायला हवं. काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.