ओठांतलं फ्रेंच गाणं

लालबाग, मंगळवार, संध्याकाळ

शेजारी सुतक, त्यात हा गिरण्यांचा संप. चाळीत गाणं म्हणायची सोय नाही. पण फ्रेंचच्या क्लासात ऐकलेलं ते पॉप गाणं डोक्यातून जाईना, म्हणून भांडी घासताना नुसते ओठ हलवत होते. समोर बाबा बसलेत हे विसरलेच! त्यांच्या गिरणीत मागांच्या खडखडाटात सगळे एकमेकांचे ओठ वाचूनच बोलायचे. माझं पुटपुटणं त्यांच्यापासून कधीच लपलं नाही. आज मात्र ते माझ्या ओठांकडे बघतच राहिले. रागावले का? क्लासचं त्यांना सांगितलंच नव्हतं.

मग हळूच म्हणाले, "माका कायच कळूक नाय गो. लांब जातलंस काय?"

मी ओठ घट्ट मिटले. तेवढं मात्र त्यांनी बरोबर वाचलं.