तुझी पहार मीच धुतली

प्रिय दादा,

आज निकाल लागला. भुजंगा सुटला! जालन्याच्या कोर्टातून तो माझ्यासमोरून हसत गेला. मी कोर्टानं परत दिलेली तुझी पहार मांडीवर घेऊन पायरीवरच बसलो आहे. वहिनीला तोंड दाखवायची हिंमत नाही, म्हणून तुला लिहितो. चार इयत्ता तूच शिकायला लावल्यास ना?

राजूरजवळची ती विहीर आठवते? खोदायला बीडकडून आलेली आपण मुकादम भुजंगा धरून सात माणसं. त्या दिवशी खडकात सुरुंग लावले चार, वाजले तीनच. भुजंगा ओरडला, "उतरा जल्दी! भिऊन राह्यले का?" तू पहार घेऊन काठावर आडवा उभा राहिलास. "एक बाकी हाय. म्या कुणालाबी उतरू देणार न्हाई." त्यानं तुझ्याच हातातली पहार हिसकावली आणि तुझ्या डोक्यात घातली. तू तिथंच गेलास. इतका का अडलास रे? उतरायची पाळी माझी होती म्हणून?

पोलिसांचा अमीन चौकशीला दुसऱ्या दिवशी आला. तोवर मी काय करून बसलो होतो! दिवस मावळल्यावर हत्यारं गोळा केली, धुतली, कुंकू लावून उभी केली. तुझी पहारसुद्धा. "हत्यार मळकं निजवू न्हाई," हे तूच टपल्या मारून शिकवलं होतंस. मला काही सुचत नव्हतं, हातांना तेवढंच येत होतं.

कोर्टात बाकीचे चौघे म्हणाले, पाय घसरून पडला. मी एकटा खरं बोललो. भुजंगाच्या वकिलानं विचारलं, "पहारीवर रक्त कुठाय? कुणी धुतली?"

"म्या."

"का?"

"रोजच धुतो की, साहेब!"

लोक हसले. निकाल उर्दूत होता. कारकुनानं मला समजावलं, "तुझ्या बोलण्याला पुरावा न्हाई."

ते चौघे पुन्हा त्या विहिरीत उतरले नाहीत, बरं का. तुझं म्हणणं पटलं होतं तर त्यांना! मग तोंड का नाही उघडलं?

वहिनीला वाटतं, रक्त भुजंगानं धुतलं. वर्षभर मी तिला तसंच वाटू दिलं. आता ती रोज त्याला शिव्या घालते आणि मी तिच्या हातची भाकरी खातो.

उद्या गावी जातो. पहार तिच्यापुढं ठेवीन आणि सांगीन, मी धुतली. मग तिनं मला दारात उभं केलं नाही तरी चालेल. हा शब्द तुला देतो.

तुझ्यामुळे उरलेला,
नाम्या